बोळकं आणि सरदार

नातीचा पहिला दुधाचा दात पडला आणि माझा शेवटचा दात पडला, ते एकच वर्ष. तिचा सोमवारी पडला, माझा गुरुवारी. तिच्या दाताचं घरभर कौतुक झालं. माझा मी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकला.

त्याच वर्षी विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, पायऱ्यांवरून घसरल्या आणि मोडलेला गुडघा घेऊन तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. त्यांच्या तोंडात तेव्हा मोजून दोन दात होते, तेही एकमेकांसमोर नव्हते. पण दात नाहीत म्हणून तोंड थांबेल अशातली ती बाई नव्हे. सकाळी दूध उतू जायच्या आधी त्यांचा पट्टा सुरू व्हायचा आणि शेजारणीच्या नणंदेपासून जगातल्या सगळ्या सरकारांपर्यंत कोणालाही सोडायचा नाही. मला म्हणायच्या, "व्याहीबुवा, तुम्ही आयुष्यभर रोलर चालवलात ना? बोलतासुद्धा तसंच. एक वाक्य येईपर्यंत माझा चहा गार होतो."

रोलर चालवला हे खरं आहे. चौतीस वर्षं रस्ते दाबले. त्या कामात घाई करून चालत नाही आणि कोणी शाबासकीही देत नाही. त्यामुळे शाबासकी द्यायची असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

माझा मुलगा कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्या मागच्या खोलीत येतं. मुलगा त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो, त्यावर मेण चढवतो, मेणात दात बसवतो आणि शेवटी पक्की कवळी घडवतो. खोलीत एक खिडकी, एक घासायची मोटर, प्लास्टरने पांढरं झालेलं बेसिन आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर ओळीने जबडे. नवखा माणूस खोलीत शिरला की त्याला वाटतं, आपल्याला बघून तीस जण हसताहेत.

हात सोन्याचा होता त्याचा. असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मी कधी म्हटलं नव्हतं.

मग तो खेळ आला. फोनवरचा. त्यात एक किल्ला होता, चाळीस माणसं मिळून तो सांभाळायची, आणि दुसरे चाळीस येऊन पाडायचे. लहान मुलांचा खेळ असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण त्या चाळिसांत एकही लहान नव्हतं. सगळे बाप्ये आणि बाया, केस पिकलेले. आणि त्यांचा सरदार होता आमचा एकेचाळीस वर्षांचा चिरंजीव.

सून इस्पितळात चादरी आणि कपड्यांचा विभाग सांभाळते. तिला डाग कुठून पडला ते शोधायची सवयच आहे. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं प्लास्टरमुळे झालं. प्लास्टर वाळायला पाऊण तास लागतो. आधी तेवढा वेळ हे खिडकीतून बाहेर बघायचे. मग फोन बघायला लागले. आता प्लास्टरचा दगड झाला तरी मान वर येत नाही."

दोन कवळ्या उशिरा गेल्या. एक घासायची राहिली आणि पेशंटची जीभ सोलली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या, खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलल्या. "आणखी एक तक्रार आली की मी काम दुसरीकडे देणार. मला वाईट वाटेल. पण देणार."

त्यांच्या कामाशिवाय त्याला दुसरं काम नव्हतं, आणि कवळ्यांशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो "हो" म्हणाला. त्या फाटकाबाहेर पडल्या आणि आत घंटा वाजली. हल्ल्याची. रोज दुपारी चारला आणि संध्याकाळी आठला.

अशा मुहूर्तावर विहीणबाईंचे उरलेले दोन दात काढले गेले आणि आम्हा दोघांच्या कवळ्या एकदमच करायच्या ठरल्या. दोघांचंही माप एकाच दिवशी घेतलं. एरवी कवळी डॉक्टरीणबाई पेशंटला आपल्या हाताने बसवतात. आम्ही घरचे, म्हणून मुलाने बुधवारी जेवायच्या आधी दोन डब्या आमच्या पुढ्यात ठेवल्या. "घाला," म्हणाला आणि आत गेला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या शुक्रवारी दोघांनाही तपासायला बोलावलं होतं.

मी कवळी घातली. दात उंदरासारखे बारीक होते आणि खालचा अर्धा भाग जिभेवर नाचत होता. बोलायला गेलो तर शिट्टी वाजली.

"आजोबा, तुम्ही शिट्टी का वाजवता?" नात म्हणाली.

"हौस म्हणून," मी म्हणालो. तीही शिट्टीतच.

समोर विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या तोंडात कोणीतरी खिडकीची चौकट बसवल्यासारखं दिसत होतं. ओठ मिटत नव्हते. सून म्हणाली, "आई, कशी बसली?" तर त्यांनी मान डोलावली. नुसती मान. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत, तिसऱ्याही नाही. घर एकदम मोठं वाटायला लागलं. सून हवालदिल झाली. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "बाबा, आई रुसलीय. माझं काय चुकलं? पडद्यांवरून बोलले ते लागलं असेल का?"

"विचार की त्यांनाच."

"विचारलं. हात हलवून 'काही नाही' म्हणते. माझी आई 'काही नाही' म्हणते, बाबा! म्हणजे केवढं असेल!"

माझ्या हिरड्या सोलून निघाल्या होत्या. चौथ्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो. मुलगा फोनवर वाकलेला.

"अरे, टोचतंय."

"नवी कवळी टोचतेच, बाबा. आठ दिवसांत रुळेल."

"रक्त येतंय."

"मिठाच्या पाण्याने चूळ भरा. डाव्या बाजूने! डाव्या बाजूने!"

मी बेसिनपाशी जाऊन डाव्या बाजूने चूळ भरली. मग मागून आवाज आला, "तोफा डावीकडे म्हटलं ना!" तेव्हा कळलं की मिठाचं पाणी तेवढं माझं होतं, बाजू त्यांची होती.

मंगळवारी सकाळी अकराला सून कामावर होती, नात शाळेत होती. मी गॅलरीत गेलो आणि बघतो तर विहीणबाई पाठमोऱ्या बसलेल्या, कवळी पेल्यात, आणि बोळक्या तोंडाने हिरड्यांना फुंकर घालताहेत. फुंकर घालता येत नाही स्वतःच्या हिरड्यांना. तरी प्रयत्न चालला होता. मी माझी कवळी काढून दुसऱ्या पेल्यात टाकली आणि शेजारी बसलो.

"तुम्हालाही?" त्या म्हणाल्या. सहा दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"मलाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"जावयाने हाताने केलेली. टोचते कशी म्हणू? आणि म्हटलं तर लेकीला कळणार. ती सरळ स्वभावाची, शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना सांगून मोकळी होणार. आणखी एक तक्रार म्हणजे काय, ते मीही ऐकलंय, व्याहीबुवा. मी आपली दाराआडच होते."

"शुक्रवारी त्या तोंड उघडायला लावणारच आहेत."

"म्हणूनच त्याच्या आधी त्याने दुरुस्त करायला हवं. तुम्ही सांगा त्याला."

"सांगितलं. चूळ भरायला लावली."

मागच्या खोलीची खिडकी गॅलरीला लागून आहे. आतून मुलाचा आवाज येत होता. मऊ, समजावणीचा. असा आवाज त्याच्याकडे आहे हे मी विसरूनच गेलो होतो. कोणाला तरी तो म्हणत होता, "ताई, घाबरू नका. तुमचा बुरूज पडला तर पडला. आधी त्यांना औषध द्या, मग या. मी थांबतो तोवर."

"बायकोचं ऐकत नाही, तुमचं ऐकत नाही, माझं तर सोडाच," विहीणबाई म्हणाल्या. "त्या चाळीस जणांचं मात्र ऐकतो."

"मग?"

"मग आपण एक्केचाळिसावे होऊ."

त्यांच्या मुलाने त्यांना एक भलामोठा फोन दिला होता. अर्ध्या तासात त्यांनी तो खेळ फोनवर उतरवला. खेळात शिरायला टोपणनाव लागतं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. विहीणबाईंनी लिहिलं: 'बोळकं'.

सरदाराकडे अर्ज गेला. भिंतीपलीकडून उत्तर आलं, "वय?"

"लिहा एकाहत्तर," मी म्हणालो.

"माझं सहासष्ट आहे!"

"लिहा हो. थोरल्याला मान असतो."

सरदार म्हणाले, "स्वागत आहे, बोळकं. इथे वयाचं काही नाही. वेळ पाळायची आणि एकमेकांना टाकून पळायचं नाही, एवढंच."

दोन दिवस आम्ही त्या किल्ल्यात होतो. लढाईपेक्षा गप्पाच जास्त चालायच्या, लिहून. मी वाचत गेलो. अक्षरओळख मला उशिरा झाली, त्यामुळे मी एकेक शब्द नीट वाचतो, उड्या मारत नाही. एका बाईचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. ती लिहायची, इथे असते तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही. एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. तो म्हणायचा, माझी लिफ्ट रोज चालते तेव्हा कोणाला मी आठवत नाही, बंद पडली की सगळी इमारत माझ्या नावाने ओरडते. इथे निदान एक वीट रचली तरी पडद्यावर तारे उडतात. एकाची नोकरी गेली होती आणि त्याने घरी अजून सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन बागेत बसायचा आणि किल्ला सांभाळायचा. सरदाराला हे सगळं पाठ होतं. कोणाच्या नवऱ्याची कुठली गोळी संपत आलीय, तेसुद्धा. मला स्वतःच्या गोळ्या स्वतःच लक्षात ठेवाव्या लागतात.

आणि बुधवारी चारच्या हल्ल्यात विहीणबाईंनी तोफ डागली. कशी ते त्यांनाही कळलं नाही, पण शत्रूचा अख्खा बुरूज खाली आला. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. वा बोळकं! कमाल बोळकं! आणि खाली सरदाराची ओळ: "शाब्बास. असंच हवं."

विहीणबाईंचे कान लाल झाले. "व्याहीबुवा, बत्तीस जण वा म्हणाले. माझ्या लग्नातसुद्धा एवढे म्हणाले नव्हते."

"नेम मीच धरायला सांगितला होता," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्या शाबासकीतला अर्धा वाटा हवा होता. भिंतीपलीकडच्या माझ्याच मुलाची शाबासकी, तीही खोट्या बुरुजाची. तरी छातीत ऊब आली. तेव्हा मला पहिल्यांदा थोडं कळलं, तो तिथे का बसतो ते.

गुरुवारी वेळ संपत आली. फोन मी माझ्या हातात घेतला. विहीणबाई म्हणाल्या, "द्या, मी लिहिते, तुम्हाला संध्याकाळ होईल." मी म्हणालो, "होऊ दे. हे मला लिहायचंय."

लिहिलं, "सरदार, एक अडचण आहे. खेळाची नाही."

"बोला, बोळकं."

"कवळी टोचते. आठ दिवस झाले. रक्त येतं."

आतली मोटर बंद झाली. "कोणी केली? आधी मेणावर बघितली होती का?"

"म्हणजे काय?"

उत्तर भराभर आलं. "दात आधी मेणात बसवून तोंडात घालून बघतात. ठीक बसले तरच पक्की कवळी करतात. ते न करता दिली असेल तर तो कारागीर कामचुकार आहे. राग येईल म्हणून गप्प बसू नका. सरळ जा आणि कवळी त्याच्या टेबलावर ठेवा."

"गेलो होतो. तो मान वर करत नाही."

"का?"

विहीणबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. त्यांचा किल्ला पडेल."

मग एक ओळ आली.

"बोळकं, तुम्ही कुठून लिहिताय?"

"गॅलरीतून," मी लिहिलं.

आत खुर्ची सरकली. मुलगा दारात येऊन उभा राहिला, हातात फोन, अंगावर प्लास्टरचा भुगा. त्याने आम्हा दोघांची बोळकी बघितली, दोन पेले बघितले, माझ्या हातातला सासूचा फोन बघितला. त्याचा चेहरा मी पुन्हा कधी तसा बघितला नाही. बघायचाही नाही मला.

त्याने दोन्ही कवळ्या उचलल्या आणि आत गेला. आम्ही मागोमाग. त्याने फळीवरचे आमचे दोन साचे काढून उलटे केले. प्रत्येक साच्याच्या बुडाला पेशंटचा आकडा असतो. तो प्लास्टर ओलं असतानाच खिळ्याने कोरायचा, असा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. या दोन साच्यांवर आकडे होते, पण पेन्सिलीचे.

"ओतलं आणि घंटा वाजली," तो म्हणाला. "म्हटलं, दहा मिनिटांत येऊन कोरतो. आलो तर दगड झाला होता. कुठला कोणाचा ते... अंदाजाने टाकले आकडे. तुमचा जबडा माझ्या हाताला कळायला हवा होता, बाबा." तो स्टुलावर बसला. "आईंचे दात तुमच्या तोंडात आणि तुमचे त्यांच्या. आठ दिवस."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही एकदमच रुमालाने तोंड पुसलं.

"त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरातच राहिले. अदलाबदल कर आणि मोकळा हो. कोणाला कळायचं कारण नाही."

"मला कळलंय ना," तो म्हणाला.

त्याने कवळ्या घासल्या, औषधाच्या पाण्यात ठेवल्या, आणि एकेक आमच्या तोंडात बसवून, निळा कागद चावायला लावून, जिथे लागत होतं तिथे घासत राहिला. चार वाजले. फोनवर घंटा वाजली. त्याने ऐकली, पण हात थांबला नाही.

"किल्ला?" विहीणबाई तोंडातला कागद सांभाळत म्हणाल्या.

"पडू दे."

"पडू दे काय! त्या ताईंची तोफ आहे तिथे, त्यांचा नवरा आजारी आहे! आण तो फोन इकडे!"

मुलगा माझे दात घासत होता आणि त्याची सासू, अर्धी कवळी तोंडात आणि अर्धी टेबलावर, चाळीस माणसांना हुकूम सोडत होती. किल्ला वाचला.

संध्याकाळी नातीने मूठभर शेंगदाणे आणले. मी खाल्ले. मग सुनेशी बोललो, बातम्या ऐकल्या, चप्पल शिवायला टाकून आलो, आणि जिना चढताना मध्येच थबकलो. तोंडात कवळी आहे हे मी दोन तास विसरलो होतो.

चांगल्या कवळीचं असंच असतं. नीट बसली की माणूस तिला विसरतो, आणि करणाऱ्याला तर कधीच विसरलेला असतो. टोचली तरच त्याचं दार ठोठावतो. म्हणजे वीस वर्षांत या पोराच्या दारात जो आला तो गाल धरूनच आला. मीही तसाच गेलो होतो.

मी मागच्या खोलीत गेलो. तो बेसिन धूत होता.

"कवळी उत्तम झालीय," मी म्हणालो.

तो वळला. "कुठे टोचतंय?"

"कुठेही नाही."

"मग?"

"मग काही नाही. सांगायला आलो."

तो हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला. पाणी कोपरावरून खाली गळत होतं. "शेंगदाणे खाल्लेत?" त्याने विचारलं.

"मूठभर."

"वा," म्हणाला, आणि पुन्हा बेसिनकडे वळला. पण घासलेलाच भाग परत घासत राहिला.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी आमची तोंडं तपासली आणि "छान" म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "छान नाही. मेणावर बघितल्या नव्हत्या. दोघांच्या अदलाबदल झाल्या होत्या. आठ दिवस यांनी तशाच वापरल्या." मी त्याच्या पायावर पाय दिला, तरी थांबला नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग त्या आमच्याकडे वळल्या. "तुमची काही तक्रार आहे?"

विहीणबाई त्या खुर्चीत ताठ झाल्या. आठ दिवसांचं साठलेलं होतं. "तक्रार? आहे की! तुमच्या जिन्याला कठडा नाही. मोडक्या गुडघ्याच्या माणसाने यायचं कसं? पंखा आवाज करतो. ही खुर्ची मागे जाते ती पुढे यायचं नाव घेत नाही. बाहेरची मासिकं माझ्या लेकीच्या लग्नाच्या वेळची आहेत." हे पंधरा मिनिटं चाललं. शेवटी दम घेऊन म्हणाल्या, "कवळीची काही नाही. कवळी माझ्या जावयाने केलीय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मुलाला म्हणाल्या, "तक्रार आली तर काम काढीन म्हटलं होतं. आलेली नाही. प्लास्टर वाळेपर्यंत तू करतोस काय?"

"खेळतो."

"आठवड्यातून दोनदा ते पाऊण तास इथे यायचं. तू केलेली कवळी माणसाच्या तोंडात बसते तेव्हा तिथे उभं राहायचं. एवढीच अट."

तो जायला लागला. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने कवळी घालून सफरचंदाचा तुकडा तोडला आणि रडला, असं येऊन त्याने आम्हाला तीनदा सांगितलं. खेळ लगेच सुटला असं मी लिहिणार नाही. मधे दोनदा पुन्हा घसरला. एकदा तर सुनेने फोन चादरींच्या गठ्ठ्यात दडवला आणि तो धुलाईला जाता जाता वाचला. पण आकडे पुन्हा ओल्या प्लास्टरवर खिळ्याने कोरले जाऊ लागले. मी रोज संध्याकाळी मागच्या खोलीत एक फेरी मारायचो. काही टोचत नसताना.

सरदारकी त्याने सोडली. किल्ला एकमताने बोळक्याकडे गेला. तीन महिन्यांसाठी आलेल्या विहीणबाई मग परत गेल्याच नाहीत. किल्ल्याचं नेट आमच्याकडे चांगलं येतं, हे कारण त्यांनी सांगितलं. बागेत डबा घेऊन बसणाऱ्याला त्यांनीच दटावून घरी खरं सांगायला लावलं. त्यांच्या राज्यात तोफांपेक्षा उपदेश जास्त उडाले, असं लिफ्टवाला मला म्हणाला.

तो मला भेटला ते विहीणबाईंना पोहोचवायला आला तेव्हा. असे नऊ जण आले होते. ओळखीचं एकही नव्हतं. त्यातल्या एका बाईने दारात मला विचारलं, "बोळकं इथेच राहायच्या का?" मी हो म्हणालो. मुलगा आवाज ओळखून पुढे झाला आणि म्हणाला, "या, ताई. त्यांना औषध देऊन आलात ना?"

नातीचा शेवटचा दुधाचा दात पडला त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, विहीणबाई वारल्या.